औषधं चालू असताना व्हिटॅमिनच्या गोळ्या : काय, कधी, कशासोबत आणि किती दिवस?

खलबत्ता (धागालेखक)

आहार आणि पूरकं यांवरचे धागे इथे दुसऱ्या पानावर पोचेपर्यंत 'हळद तारक की मारक' यावर येतात. म्हणून या वेळी एकच चिठ्ठी समोर ठेवतो. चिठ्ठी मी रचलेली आहे, पण औषधांच्या खिडकीवर बसणाऱ्यांना ती रोजची वाटेल.

बाई, वय ५८, वजन ६४ किलो, शाकाहारी. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड कमी. डॉक्टरांची औषधं : थायरॉइडसाठी लिव्होथायरॉक्सिन ७५ मायक्रोग्रॅम, साखरेसाठी मेटफॉर्मिन १००० मिग्रॅ दोन वेळा (नऊ वर्षं), रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४० मिग्रॅ, ॲसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल ४० मिग्रॅ (कुणी कधी सुरू केली ते आठवत नाही). त्यावर शेजारणीने, दुकानदाराने, मोबाइलने सांगितलेलं : कॅल्शियम, लोह, डी३ ची ६०,००० युनिटची कॅप्सूल, 'नसांची' गोळी, केसांसाठी बायोटिन, गुडघ्यांसाठी हळदीची कॅप्सूल, रात्री इसबगोल, स्वयंपाकात 'लो सोडियम' मीठ. रिपोर्ट : टीएसएच ९ (थायरॉइड कमी पडलं की हा आकडा वाढतो), हिमोग्लोबिन १०.४, फेरिटिन ९ (साठवलेल्या लोहाचा आकडा). तक्रार : थकवा, तळपायाला मुंग्या.

बहुतेक घरांत या सगळ्या गोळ्या एका डबीत असतात आणि नाश्त्यानंतर चहासोबत एकदम पोटात जातात. टीएसएच ९ येण्याचं कारण तिथेच सापडू शकतं. कॅल्शियम आणि लोह आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतात, ते रक्तात पोचतच नाही. मग डॉक्टर ७५ चे १०० करतात. पुढे कधीतरी बाई कॅल्शियम थांबवतात आणि तेच १०० जास्त होऊन छातीत धडधड सुरू होते. मात्रा वाढवण्याआधी वेळा बदलून पाहाव्यात, आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करावं. त्याआधी केलेल्या तपासणीला अर्थ नाही.

वेळा अशा बसतात :

सकाळी ६ : थायरॉइडची गोळी, नुसत्या पाण्यासोबत. चहा पाऊण तासाने. कॉफी असेल तर पूर्ण तास थांबावं.
८ : नाश्ता, त्यासोबत मेटफॉर्मिन. टेल्मिसार्टनही इथेच.
११ : लोह, बिनसाखरेच्या लिंबूपाण्यासोबत. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास उलटून गेलेले असतात, नाश्त्याच्या चहापासूनही पुरेसं अंतर पडतं.
१:३० : जेवण, जेवता जेवता कॅल्शियम. रविवारी याच जेवणात डी३.
८ : जेवण, मेटफॉर्मिन.
१० : इसबगोल एक ते दोन चमचे, मोठा पेला भरून पाण्यात, लगेच प्यायचं. आजूबाजूला दोन तास कुठलीही गोळी नको. कमी पाण्यात घेतलं तर घशात फुगून अडकतं, आणि पोट साफ व्हायचं सोडून बद्धकोष्ठ होतं.

कॅल्शियमच्या पट्टीची मागची बाजू वाचा. 'कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ' म्हणजे प्रत्यक्षात ५०० मिग्रॅ कॅल्शियम. एका वेळी शरीर साधारण तेवढंच नीट घेतं, त्यामुळे दोन गोळ्या एकदम गिळून फायदा नाही. कार्बोनेटला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ते जेवणासोबत. इथे तर बाई आम्ल कमी करणारी पॅन्टोप्राझोलही घेताहेत. अशांना सायट्रेट बरं, ते रिकाम्या पोटीही चालतं. मात्र १००० मिग्रॅ सायट्रेटात कॅल्शियम जेमतेम २१० मिग्रॅ असतं. पुढच्या बाजूचा मोठा आकडा पाहून पट्ट्यांची तुलना करू नका.

पेशीवाचक

खलबत्ताजी, उत्तम धागा. पण तुमच्या टीएसएच ९ ला माझी हरकत आहे. बाई बायोटिन घेताहेत, मग तो आकडा खरा कशावरून?

केसांच्या गोळ्यांत बायोटिन ५ ते १० मिलीग्रॅम असतं. रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे ही मात्रा शेकडो पट. बऱ्याच तपासणी संचांत बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिनची जोडी चिकट दुव्यासारखी वापरलेली असते. रक्तातच बायोटिन तुडुंब असलं की तो दुवा भरून जातो. टीएसएचसारख्या चाचणीत आकडा खोटा कमी येतो, फ्री टी४ (थायरॉइडचं संप्रेरक) मध्ये खोटा जास्त. म्हणजे थायरॉइड ठणठणीत असलेल्या माणसाचा रिपोर्ट थायरॉइड वाढल्यासारखा दिसू शकतो. या बाईंचं खरं टीएसएच ९ पेक्षाही जास्त असू शकेल. हृदयविकाराच्या झटक्यात पाहतात ते ट्रोपोनिनही काही संचांत खोटं कमी येतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. नव्या संचांत सुधारणा आहे, पण तुमची प्रयोगशाळा कुठला संच वापरते हे तुम्हाला बाहेरून कळत नाही.

दुसरं, लोह. फेरिटिन ९ म्हणजे लोह नक्कीच संपलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची निरोगी प्रौढांसाठीची खालची रेघ १५ आहे. अंगात सूज किंवा संसर्ग असेल तर फेरिटिन खोटं वाढतं, तेव्हा ७० च्या खालीही संशय घ्यावा लागतो. पण पाळी बंद होऊन काही वर्षं झालेल्या बाईचं लोह गेलं कुठे? लोहाची गोळी सुरू करण्याआधी हा प्रश्न. या वयात पोटातून किंवा आतड्यातून थेंब थेंब रक्त जात असू शकतं : अल्सर, मूळव्याध, कर्करोगही. गोळीने हिमोग्लोबिन वर येतं आणि गाठ वर्षभर तशीच राहते. इथे दुर्बिणीची तपासणी टाळू नये.

उलट बाजूही सांगतो. हिमोग्लोबिन कमी, एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ६५, पण तांबड्या पेशींची संख्या ५५ लाखांच्या वर, अशा रिपोर्टवर लोह सुरू करू नये. एमसीव्हीला पेशींच्या संख्येने (दशलक्षात) भागून १३ च्या खाली आकडा आला तर थॅलेसेमिया मायनरचा (हिमोग्लोबिनच्या सौम्य आनुवंशिक दोषाचा) संशय घ्यावा, आणि फेरिटिन व एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) करून घ्यावं. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजांत हे प्रमाण जास्त आहे. अशांना वर्षानुवर्षं टॉनिक पाजलेलं दिसतं आणि हिमोग्लोबिन तसूभर हललेलं नसतं.

आणि एक, मधुमेहींसाठी. लोहाची कमतरता असताना एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) खोटं वाढलेलं येऊ शकतं. त्या आकड्यावरून साखरेची गोळी वाढवण्याआधी घरच्या ग्लुकोमीटरचे आकडे जुळतात का ते पाहावं.

उंबरठा

वाचनखूण साठवली आहे. एक बाळबोध शंका : लोहाच्या गोळीने पोट दुखतं, मळमळतं, म्हणून आमच्याकडे सगळे आठवड्यात सोडतात. खजूर, गूळ, बीट यांवर भागत नाही का?

डाळतांदूळ

उंबरठा, नाही भागत. बीटाचा रंग लाल आहे, एवढाच त्याचा लोहाशी संबंध. १०० ग्रॅम बीटात लोह एक मिलीग्रॅमसुद्धा नसतं. हळिवाचं नाव सगळे घेतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात हळिवात १०० ग्रॅमला १०० मिग्रॅ लोह दिलं होतं, २०१७ च्या नव्या तक्त्यात ते सुमारे १७ आहे. पोह्यांचंही तसंच, २० वरून साडेचारच्या आसपास. अजूनही बरेच आहारतक्ते जुन्या आकड्यांवरच चालतात. हळिवाचा लाडू जरूर खा, फक्त एका लाडवात हळीव किती चमचे पडतं तेही बघा.

रिकामं झालेलं कोठार जेवणाने भरत नाही, त्याला गोळी लागते. जेवणाने ते पुन्हा रिकामं होण्याची गती कमी होते. शाकाहारी लोहासाठी दोन गोष्टी खरोखर कामाच्या : जेवणात लिंबू, पेरू, आवळा यांपैकी काहीतरी, आणि जेवणानंतरचा चहा किमान तासभर पुढे ढकलणं. दुसरी बिनपैशाची आहे आणि तीच लोक पाळत नाहीत.

गोळीने मळमळतं कारण मात्रा जास्त असते. पट्टीवर 'एलिमेंटल आयर्न' (प्रत्यक्षातलं लोह) शोधा. फेरस सल्फेट २०० मिग्रॅ (सुकवलेलं) किंवा फेरस फ्युमरेट २०० मिग्रॅ यांत साधारण ६५ मिग्रॅ लोह. आपल्याकडे खपणाऱ्या फेरस ॲस्कॉर्बेटच्या गोळीत बहुधा १०० मिग्रॅ लोह. ६० मिग्रॅच्या वर लोह पोटात गेलं की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते पुढचे २४ तास आतड्याचं दार लोटून घेतं. दुसऱ्या दिवशीची गोळी मग बरीचशी शौचावाटे जाते, जाताना पोट बिघडवून. म्हणून एकाआड एक दिवस एकच गोळी. त्रास कमी आणि प्रत्येक गोळीमागे लोह जास्त अंगी लागतं. गरोदर बायांनी मात्र हे आपल्या मनाने करू नये. सरकारी कार्यक्रमात त्यांना रोज ६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, १८० दिवस, असंच आहे. त्यांची कॅल्शियमची गोळीही लोहासोबत घ्यायची नसते.

लोहासोबत व्हिटॅमिन सीची वेगळी गोळी विकत घेऊ नका. २०२० च्या एका चाचणीत लोहाच्या गोळीला सीची जोड देऊन हिमोग्लोबिन काही जास्त वाढलं नाही. लिंबू जेवणातल्या लोहासाठी, गोळीसोबत घेतलं तरी चालतं, पण गरज नाही.

खलबत्ता (धागालेखक)

+१. गोळी लागू पडते का हे चार आठवड्यांत कळतं : हिमोग्लोबिन १ ते २ ग्रॅम वर यायला हवं. नाही आलं तर गोळी बदलत बसू नका, कारण शोधा. गोळी घेतलीच जात नाही, चहासोबत घेतली जाते, ॲसिडिटीची गोळी चालू आहे, रक्त अजून जातंय, सीलिॲक (गहू न सोसणारं आतडं) किंवा एच. पायलोरी (जठरातले जंतू) आहे, की मुळात निदानच चुकलंय. हिमोग्लोबिन नॉर्मल आल्यावर पुढे आणखी तीन महिने चालू ठेवायची, तेव्हा कोठार भरतं. मग फेरिटिन बघून बंद. शौचाला काळं होतं, ते लोहामुळे. डांबरासारखं चिकट आणि दुर्गंधी असेल तर ते रक्त असू शकतं, लगेच दाखवा.

तपासणीखोली

धागा छान चाललाय, पण चिठ्ठीत एक गोळी राहिली आहे. गुडघे दुखतात म्हणून हळदीची कॅप्सूल घेणारी बाई दुकानातून पेनकिलर घेत नसेल, यावर माझा विश्वास नाही. विचारल्याशिवाय पेशंट सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते 'औषध' नसतंच.

डायक्लोफेनॅक किंवा तत्सम काही आठवड्यातून चारदा चालू असेल तर कोडं बरंचसं सुटतं. लोह तिथून गेलं असेल (तरी दुर्बीण सुटत नाही, पेशीवाचक म्हणतात ते खरं). शिवाय टेल्मिसार्टन अधिक पेनकिलर ही जोडी मूत्रपिंडाला जड जाते आणि पोटॅशियम वाढवते. आता त्यात लो सोडियम मीठ घाला. त्यातलं सोडियम कमी करून घातलेलं असतं पोटॅशियम क्लोराइड, अनेकदा ३० टक्क्यांच्या आसपास. दिवसाला ५ ग्रॅम असं मीठ म्हणजे दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे जवळपास ८०० मिग्रॅ जादा पोटॅशियम. मूत्रपिंड धड असेल तर हे मीठ चांगलंच. चीनच्या ग्रामीण भागातल्या २०२१ च्या मोठ्या चाचणीत अशा मिठाने पक्षाघात कमी झाले. पण मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांना त्या चाचणीत घेतलंच नव्हतं. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहिल्याशिवाय या बाईंच्या स्वयंपाकघरात ते मीठ नको. सैंधव हा पर्याय नाही, तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच.

पॅन्टोप्राझोलबद्दल. लोह, बी१२, कार्बोनेट, थायरॉक्सिन, चौघांनाही ती आडवी येते. म्हणून 'बंद करा' हे उत्तर सोपं वाटतं. पण पेनकिलर चालू असताना ती काढली तर पोटातला अल्सर फुटू शकतो. क्रम असा : आधी पेनकिलर थांबवा, गुडघ्याला दुसरा उपाय द्या (मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम, लावायचं जेल, गरजेपुरतं पॅरासिटामॉल), दुर्बीण होऊ द्या, आणि मगच ४० ची २०, दोन ते चार आठवड्यांनी एकाआड एक दिवस, मग गरजेपुरती. एकदम सोडली की आम्ल उसळून येतं आणि पेशंटला वाटतं, बघा, गोळीशिवाय जमत नाही.

दशमूळ

हळदीचा विषय निघालाच आहे, तर वैद्य म्हणून लिहितो. (दगड हळू मारा.)

आमटीतली हळद आणि कॅप्सूल यांना एकाच नावाने हाक मारू नका. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. चमचाभर हळद म्हणजे तीन ग्रॅम धरली तर ९० मिग्रॅ, आणि त्यातलंही रक्तात अत्यल्प जातं. कॅप्सूलमध्ये ५०० मिग्रॅ कर्क्युमिन, वर ५ मिग्रॅ पिपरिन, म्हणजे मिऱ्याचा अर्क. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी २० मिग्रॅ पिपरिनने कर्क्युमिनचं शोषण वीसपट वाढतं असं दाखवलं, तेव्हापासून प्रत्येक कंपनी पिपरिन घालते. पण पिपरिन फक्त कर्क्युमिनचंच दार उघडत नाही. फेनिटॉइन, प्रोप्रॅनोलॉल, थिओफायलिन यांचीही रक्तातली पातळी वाढवतं. अपस्माराच्या पेशंटला हे कुणी सांगत नाही. अशा कॅप्सूलनंतर यकृताला सूज आल्याच्या नोंदी अमेरिकेत आहेत, आणि त्यांत एचएलए-बी*३५:०१ ही विशिष्ट जनुकीय खूण असलेले लोक जास्त आढळले. लघवी गडद, भूक मेलेली, अंगाला खाज : कॅप्सूल बंद आणि यकृताची तपासणी, त्याच दिवशी.

अश्वगंधेचंही तसंच. ग्रंथोक्त मात्रा मुळाच्या चूर्णाची, ३ ते ६ ग्रॅम, दुधातून. बाजारात मिळतो तो घट्ट अर्क, आणि काहींत पानंही घातलेली असतात. पानांत विथाफेरिन-ए नावाचं रसायन जास्त. पानं वापरू नका अशी सूचना आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना दिली होती. ही चिठ्ठीतली बाई थायरॉक्सिन घेते. अश्वगंधेने थायरॉइडची संप्रेरकं वाढू शकतात, म्हणजे टीएसएचच्या आकड्यात आणखी एक गोंधळ. मी देणार नाही.

एवढं बोलल्यावर ॲलोपॅथीवाल्यांनाही एक सांगतो. पेशंट लोहभस्म किंवा मंडूर (आयुर्वेदातली लोहाची औषधं) घेतोय का, हे तुम्ही विचारतच नाही. त्यावर तुमची लोहाची गोळी चढते आणि नेमकं किती लोह गेलं याचा हिशेब कुणाकडेच राहत नाही. दोन्हींपैकी एकच चालवावं. आणि मूत्रपिंडाच्या पेशंटला रसौषधी (धातू-पारा असलेली औषधं) देणारा वैद्य असेल तर माझ्या मते त्याने आधी क्रिएटिनिन पाहायला शिकावं.

पेशीवाचक

दशमूळ, दंडवत. दगड कसला, हार घ्या.

'नसांच्या' गोळीबद्दल कुणी लिहिलं नाही. त्या पट्टीत साधारणपणे मिथाइलकोबालामिन १५०० मायक्रोग्रॅम, अल्फा लायपोइक ॲसिड, फॉलिक ॲसिड आणि बी६ असतं. बाईंना बी१२ ची कमतरता असण्याची तीन कारणं एकत्र जमली आहेत : शाकाहार, नऊ वर्षं मेटफॉर्मिन, पॅन्टोप्राझोल. पण गोळी सुरू झाल्यावर तपासलं तर रिपोर्टमध्ये '२००० पेक्षा जास्त' येईल आणि सगळे निश्चिंत होतील. मुंग्या मात्र चालूच. म्हणून बी१२ चं रक्त गोळीच्या किंवा इंजेक्शनच्या आधी द्यायचं. २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता, २०० ते ३०० मध्ये शंका असेल तर होमोसिस्टीन किंवा मिथाइल मॅलोनिक ॲसिड (बी१२ कमी पडलं की रक्तात वाढणारे पदार्थ) तपासायचं.

नुसतं फॉलिक ॲसिड कधीच देऊ नये, हे पुन्हा सांगतो. रक्ताचा आकडा सुधारतो आणि बी१२ अभावी मज्जारज्जूची हानी आतल्या आत चालू राहते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून केलेल्या अभ्यासात बहुसंख्य गरोदर स्त्रियांमध्ये बी१२ कमी होतं. ज्यांचं फॉलेट जास्त आणि बी१२ कमी, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिरोध सर्वांत जास्त दिसला.

बी६ कडेही बघा. त्याचा अतिरेक मज्जातंतूंना इजा करतो आणि त्याने मुंग्याच येतात. नसांची गोळी, मल्टिव्हिटॅमिन, केसांची गोळी, तिन्हींत बी६ असतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये त्याची रोजची कमाल मर्यादा १२ मिग्रॅ ठरवली. तिन्ही पट्ट्यांवरचे आकडे कागदावर मांडून बेरीज करा.

उंबरठा

बी१२ साठी इंजेक्शनच लागतं का? स्पिरुलिना, ताक, आंबवलेलं पीठ यांतून मिळतं असं वाचलं होतं.

डाळतांदूळ

स्पिरुलिनात असतं ते बी१२ सारखं दिसणारं, शरीराला न चालणारं. काही तपासण्यांत ते बी१२ म्हणून मोजलं जातं, म्हणून डब्यावर आकडा मोठा दिसतो. इडलीच्या पिठावरही भिस्त ठेवू नका. दूध, दही खरं : १०० मिलीला अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आत. गरज दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅमची, म्हणजे रोज अर्धा लिटर दूध-दही हवं, आणि तेही शोषण धड असेल तर.

मुंग्या, चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा असेल तर इंजेक्शन, डॉक्टर ठरवतील त्या क्रमाने. नुसता आकडा कमी असेल तर रोज १००० मायक्रोग्रॅमची साधी गोळी पुरते. तिच्यातलं जेमतेम एक टक्का शोषण बिघडलं असतानाही आपसूक आत झिरपतं, म्हणजे दहा मायक्रोग्रॅम, गरजेच्या चौपट. त्यासाठी अल्फा लायपोइकसकट आठ घटकांची महाग गोळी नको. मेटफॉर्मिन चालू आहे तोवर हीही चालू, आणि वर्षातून एकदा तपासणी.

ताटाबद्दल दोन ओळी, नाहीतर धागा नुसत्या पट्ट्यांचा होईल. ६४ किलोच्या बाईला किलोमागे एक ग्रॅम धरलं तर दिवसाला ६४ ग्रॅम प्रथिनं हवीत. वाटीभर पातळ आमटीत कोरडी डाळ जेमतेम २० ते ३० ग्रॅम, म्हणजे प्रथिनं पाच ते सात. पोळीत तीन. दोन्ही वेळचं जेवण आणि दोन कप चहा धरून बेरीज ४० च्या आसपास अडते. २५ ग्रॅम सोयाबीनच्या वड्या (१३ ग्रॅम), ५० ग्रॅम पनीर (९ ग्रॅम), वाटीभर घट्ट वरण, यांपैकी दोन गोष्टी रोज वाढवल्या तर आकडा गाठता येतो. सोयाही थायरॉइडच्या गोळीच्या जवळ नको, दुपारी घ्या. मूत्रपिंडाचा रिपोर्ट बिघडलेला निघाला तर मात्र हा हिशेब मोडून नव्याने मांडावा लागेल.

रानमेवा

थोडं अवांतर, पण आहाराने उपचाराचं पारडं कुठे खरंच झुकतं ते बघायचं असेल तर कॅप्सूल सोडा, क्षयरोगाकडे बघा. झारखंडमध्ये 'रेशन्स' नावाची चाचणी झाली, निष्कर्ष २०२३ मध्ये आले. रुग्णाला सहा महिने दर महिना १० किलोचा शिधा : तांदूळ ५ किलो, भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ ३ किलो, दूध पावडर दीड किलो, तेल अर्धा किलो, आणि सूक्ष्मपोषकांची रोजची एक गोळी. दिवसाला सुमारे १२०० कॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रथिनं. घरातल्या इतरांना माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे नव्या क्षयरोग्यांचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी कमी. आणि पहिल्या दोन महिन्यांत रुग्णाचं वजन पाच टक्के वाढलं तर मृत्यूचा धोका ६० टक्क्यांच्या आसपास कमी. क्षयरुग्णांसाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिना ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. त्या पैशांतून प्रोटीनचा डबा आणू नका. वरची यादी किराणा दुकानात घेऊन जा.

दोन खाचखळगे. फारच खंगलेल्या माणसाला पहिल्या दिवशी भरपूर वाढू नये. रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपकन खाली येऊन हृदय बंद पडू शकतं. अशांना दाखल करून, थायमिन देऊन, हळूहळू वाढवतात. दुसरा कोकण-गोव्याकडच्यांसाठी : आयसोनियाझिड चालू असताना बांगडा, टूना शिळा किंवा नीट बर्फात न ठेवलेला खाल्ला तर तोंड लालबुंद होणं, डोकं ठणकणं, धडधड असं होऊ शकतं. अशा मासळीत हिस्टामिन तयार होतं आणि ही गोळी ते मोडणारं विकर रोखते. ताजी मासळी खा, प्रथिनांसाठी ती हवीच. आणि सोबतची बी६ ची छोटी गोळी (१० मिग्रॅ) सोडू नका, इथे ती मुंग्या टाळण्यासाठीच असते.

उंबरठा

रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर पालेभाज्या पूर्ण बंद, हे बरोबर ना? आमच्या ओळखीत दोन घरांत तसंच सांगितलंय.

तपासणीखोली

चूक, पण सर्रास सांगितलं जातं. ही सल्ल्याची गोष्ट फक्त वॉरफरिन आणि ॲसेनोकुमॅरॉलला लागू आहे. अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांचा व्हिटॅमिन के शी संबंध नाही. आणि त्या दोघांसाठीही भाजी बंद नाही, सारखी ठेवायची. समजा आठवड्यातून तीनदा वाटीभर पालेभाजी, तर दर आठवड्याला तीनदाच. भाजी पूर्ण बंद ठेवली की श्रावणात घरी चार दिवस पालक-माठ होताच आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा) धाडकन खाली येतो आणि हृदयाच्या कृत्रिम झडपेवर गुठळी होऊ शकते. उलट ताप येऊन जेवण तुटलं, त्यात अँटिबायोटिक सुरू झालं, की आयएनआर चढतो. अशा वेळी ठरलेल्या तारखेची वाट न बघता तीन-चार दिवसांत तपासा. जिन्को, लसणाच्या कॅप्सूल, कर्क्युमिन, फिश ऑइलच्या मोठ्या मात्रा या गोळ्यांवर नकोत. फोडणीतला लसूण चालतो.

शस्त्रक्रिया ठरली असेल तर वनस्पतींच्या सगळ्या कॅप्सूल दोन आठवडे आधी बंद. रक्त पातळ करण्याची गोळी स्वतःहून बंद करायची नाही, ते सर्जन सांगतील.

खलबत्ता (धागालेखक)

डी३ राहिलंच. ६०,००० युनिट आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, पुढे डॉक्टर सांगतील तशी. सर्वांत घातक चूक म्हणजे ती रोज घेणं. चिठ्ठीवरचं 'आठवड्यातून १' पुसट असतं, पट्टीत चार-आठ कॅप्सूल दिसतात, घरच्यांना वाटतं रोजची. दुसरी चूक : कॅल्शियमच्या गोळीत डी३, मल्टिव्हिटॅमिनमध्ये डी३, वर ऑर्थोपेडिकने दिलेलं सहा लाखांचं इंजेक्शन. कॅल्शियम वाढलं की मळमळ, तहान, बद्धकोष्ठ, गोंधळल्यासारखं बोलणं, आणि मूत्रपिंडाचं काम ढासळतं. रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोन चालू असेल तर हे लवकर होतं, कारण ते लघवीतून कॅल्शियम जाऊ देत नाही. कॅप्सूल पाकिटातून काढून कॅलेंडरच्या रविवारांवर चिकटटेपने लावून टाका, ही युक्ती खिडकीवर आम्ही सांगतो आणि ती लोक पाळतात.

दुकानात घेताना डबा उलटा करा. १४ आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) क्रमांक असेल तर ते कायद्याने अन्न आहे, त्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापलेलं असतं. मग पुढच्या बाजूला 'शुगर रिव्हर्स', 'गुडघे बदलण्याची गरज नाही' असं काही लिहिलं असेल तर तिथेच ठेवून या. डॉक्टरांकडे जाताना डब्यांची नावं सांगू नका, पट्ट्यांच्या मागच्या बाजूचे फोटो दाखवा. आणि घरी मेथीची पूड, कारल्याचा रस चालू असेल तर तेही सांगा. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनवर असलेल्याची साखर त्याने पहाटे खाली येऊ शकते.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. शेवटचं : आईची थायरॉइडची तपासणी पुढच्या बुधवारी आहे आणि ती केसांची गोळी घेते. मंगळवारी रात्री बंद केली तर चालेल?

पेशीवाचक

नाही, रविवारपासूनच बंद ठेवा, ७२ तास पूर्ण होऊ द्या. १० मिग्रॅपेक्षा जास्त मात्रा असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आठवडाभर. आणि रक्त देताना तिथल्या मुलीला सांगा, फॉर्मवर 'बायोटिन' लिहून घ्या म्हणावं. थायरॉइडची गोळी त्या दिवशी रक्त दिल्यावर.

उंबरठा

आज डबा उलटा करून पाहिला. १० मिग्रॅ बायोटिन, ३ मिग्रॅ बी६. मल्टिव्हिटॅमिनमध्ये पुन्हा ३, आणि नसांच्या गोळीत १०.

पेशीवाचक

झाले १६. मल्टिव्हिटॅमिन आणि केसांची गोळी दोन्ही काढा. नसांच्या गोळीचं काय करायचं ते बी१२ चा जुना रिपोर्ट इथे टाकलात की सांगतो, सुरू करण्याआधीचा असेल तर.